सरोजिनीबाईंच्या कठड्यावरचा कर्णा

मी कर्णा बोलतोय. बोलायचं सोडून तशी बरीच वर्षं झाली. लाउडस्पीकरचा ॲल्युमिनियमचा कर्णा म्हणून मी जन्मलो आणि भवानी पेठेत मैनुद्दीनच्या दुकानात आलो. तो मला भाड्याने द्यायचा. लग्न, निवडणूक, उरूस, गणपती, मला सगळं सारखंच. माणसांना आनंद झाला की तो शेजाऱ्यांनाही ऐकवावा लागतो, एवढं मला लवकर कळलं.

पासष्ट साली ऐन गणपतीत पाकिस्तानशी लढाई पेटली. मग मंडपांत जवानांच्या गाण्यांशिवाय दुसरं काही वाजेना. मलाही चेव यायचा. देशासाठी पेठेने दुपारची झोपसुद्धा सोडली होती, आणि पुण्यात याहून मोठा त्याग नाही.

शुक्रवार पेठेतल्या एका मंडपासमोर सरोजिनीबाई राहत. शाळेत शिकवायच्या. नवरा वारलेला, एकुलता एक श्याम सीमेवर. मंडळाचे अध्यक्ष बाळकाका यांना मान द्यायची भारी हौस. "वीरमातेच्या घरूनच गाणी घुमली पाहिजेत," म्हणत त्यांनी मला बाईंच्या गॅलरीच्या कठड्यालाच बांधायला लावलं. बाई हसून बरं म्हणाल्या.

एक तबकडी मंडळाला फार आवडायची. तिच्यात आई मुलाला ओवाळून रणात पाठवते, तो परत येत नाही, तरी ती डोळ्यांत पाणी आणत नाही. ती लागली की आत बाईंचं विणकाम थांबायचं. श्यामचं पत्र आलं नव्हतं. पण गाणं बंद करा, असं वीरमातेने म्हणायचं कसं?

एका दुपारी मंडपातले दोघे पेंगत असताना बाई गॅलरीत आल्या. श्यामसाठी विणायला घेतलेला अर्धा स्वेटर त्यांनी सुयांसकट माझ्या तोंडात कोंबला. माझा आवाज लोकरीत घुसमटला आणि तेव्हाच मला त्यांचं रडणं ऐकू आलं. इतके दिवस मीच ते झाकत होतो.

आवाज का बसला म्हणून मैनुद्दीन वर आला. स्वेटर बघून थबकला.

"काढा ते," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं. दिवसभर हेच ऐकायचं, आणि वर हसायचं. आज नाही जमलं."

मैनुद्दीनने स्वेटर त्यांच्या हातात दिला, माझी वायर सोडली आणि खाली ओरडून सांगितलं, "काका, कर्णा जळालाय. कठड्यात करंट उतरतोय, इथं परत काही बांधू नका."

"वा," बाळकाका म्हणाले. "नेमका याच गाण्याला जळाला. आणि नेमका तुमचाच."

त्या दिवसांत मैनुद्दीन नावाच्या माणसाने देशाचं गाणं थांबवलं, याचा अर्थ पेठेने आपला आपण लावला. मंडळाने दुसरा कर्णा आणून लांब चौकात टांगला. मैनुद्दीनकडे मात्र तिथलं कुणी फिरकेना.

दिवाळीत बाई दुकानात आल्या.

"श्याम आलाय. पायाला लागलंय, पण आलाय. मैनुद्दीनभाई, मी आजच मंडळात जाऊन सगळं सांगते."

"नका सांगू, बाई. आईनेच गाणं बंद करवलं म्हणून त्या पोराला ऐकवतील. माझं काय, माझा कर्णा जळालाय."

 बाई डोळे पुसत पायऱ्या उतरल्या. मैनुद्दीनने मला माळ्यावर ठेवलं. जळालेला कर्णा दुसरीकडे वाजून कसा चालेल?

एकाहत्तरच्या लढाईत पुन्हा गाणी घुमली. दुसऱ्या कर्ण्यांतून. मी धुळीत पडून ऐकत होतो. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. मैनुद्दीनही म्हातारपणी माळ्याकडे बघायचा, पण त्याने मला कधी खाली काढलं नाही. आता तोही नाही.

दुकान त्याचा नातू युसूफ चालवतो. उद्या भंगारवाला येणार आहे. आज युसूफने मला खाली काढून पुसलं.

"आजोबांचा जळका कर्णा," तो स्वतःशीच म्हणाला. "एकदा लावून बघू का?"

वायर त्याच्या हातात आहे. मला वाजायचंय, फार वाजायचंय. पण युसूफ, ती जोडू नकोस. मी धडधाकट निघालो, तर तुझ्या आजोबांनी गाणं मुद्दाम बंद पाडलं, असं जे पेठ म्हणत होती, तेच खरं ठरेल. मला जळका म्हणूनच जाऊ दे.