फुलीतला बाक

चष्मेवाल्याला त्या वर्षी कशाचाच उत्साह उरला नव्हता. एकतीस वर्षं एकाच दुकानात, एकाच स्टुलावर बसून तो लोकांचे डोळे तपासत आला होता. समोरच्याच्या नाकावर जड चौकट ठेवायची, एक काच काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "आत्ता बरं दिसतंय, की मघाशी?" कुणी "पुन्हा दाखवा" म्हणालं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. घरी गेल्यावर बायकोने "हा पडदा बरा की तो?" असं विचारलं तरी तो न बघताच म्हणायचा, "दोन्ही सारखेच."

रविवार तेवढा त्याचा स्वतःचा. गावाबाहेरच्या मैदानावर सिमेंटची टेबलं होती. टेबलावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल आणि शंभर मीटरवर टांगलेला कागद. या नेमबाजीत उभं राहायचं नाही, पळायचं नाही. बसायचं, श्वास आवरायचा आणि पाच गोळ्या जमतील तितक्या एकाच भोकात घालायच्या. शेजारच्या टेबलावर त्याचा मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बंदुकीपेक्षा तोंडच जास्त चालवायचा.

"भावोजी, तुम्ही आठवडाभर बसता आणि सुट्टीच्या दिवशीही बसायलाच येता," तो म्हणायचा. "तुमच्या पॅंटी आधी मागूनच फाटत असतील."

पण त्या हंगामात चष्मेवाल्याच्या पाच गोळ्या पाच दिशांना जायला लागल्या. त्याने पिशव्यांतली वाळू बदलली, काडतुसं बदलली, बसायची जागा बदलली. फरक शून्य. रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघताना मध्यभागी सगळं लवलवायचं. उन्हाने तापलेली हवा हलते आणि लक्ष्य नाचल्यासारखं दिसतं, त्याला मैदानावर सगळे मृगजळ म्हणत. चष्मेवाल्यानेही त्यावरच खापर फोडलं. ढगाळ रविवारीही तसंच झालं तेव्हा त्याने दुर्बिणीला दोष दिला. बारा वर्षं जुनी, आतून सैल झाली असणार.

"नवी घेऊन टाका एकदाची," मेहुणा म्हणाला. "तुमची कुरकुर ऐकून माझा नेम चुकतो."

शनिवारी सकाळी दोघं दुर्बिणींच्या दुकानात गेले. दुकान चाळिशीतल्या एक बाई चालवत होत्या. स्वतःही चांगल्या नेमबाज, बोलणं मोजकं. त्यांनी काउंटरवर एक पकड बसवली होती. तीत दुर्बीण आवळायची आणि उघड्या दारातून रस्त्याच्या टोकाची पाटी बघायची. हवा गार होती, रस्ता अजून ओला होता.

पहिली दुर्बीण छत्तीस पट मोठं दाखवणारी. आत केसासारख्या बारीक दोन रेषांची फुली. चष्मेवाल्याने उजवा डोळा लावला.

"हिची रेष मध्ये वाकलीय," तो म्हणाला.

बाईंनी स्वतः डोळा लावून पाहिलं. मग दुसरी आवळली. तिचीही फुली वाकडी. तिसऱ्या दुर्बिणीत फुलीच्या मधोमध इवलासा ठिपका होता. तो ठिपका अंड्यासारखा लांबट दिसत होता.

"सगळा मालच वाकडा आणलात की काय?" मेहुणा हसला.

बाई हसल्या नाहीत. "काका, मैदानावरही रेषच वाकते, की फक्त कागद हलतो?"

"सगळंच लवलवतं. मृगजळ."

"मृगजळ कागदाला हलवतं. फुली दुर्बिणीच्या आत असते. तिला ऊन कुठून लागणार?"

हे चष्मेवाल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गेल्या तीन महिन्यांत त्याने त्याचा विचारच केला नव्हता. मग त्याने डावा डोळा लावला. फुली सरळ, पाटीवरची अक्षरं स्वच्छ. पुन्हा उजवा. रेषेला मध्येच बाक.

त्याच्या दुकानात, उजवीकडच्या खणात, चौकटी आखलेलं एक कार्ड होतं. साठीच्या आसपासचं कुणी आलं की तो ते हातात द्यायचा, एक डोळा झाकायला लावायचा आणि विचारायचा, रेषा सरळ दिसतात का? कुणी नाही म्हणालं तर तो काच विकायचा नाही. सरळ डॉक्टरकडे पाठवायचा, आजच्या आज. आणि स्वतः मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून फिरत राहिला. डावा डोळा उजव्याचं पाप झाकत राहिला.

"दुर्बिणी चांगल्या आहेत," तो म्हणाला. "राहू द्या."

"अहो, पण बघा तरी अजून एखादी..." मेहुण्याने सुरुवात केली.

"गाडी काढ. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय."

मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. चष्मेवाला तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि इकडे ह्याने बहिणीला फोन लावला. ती स्वयंपाक अर्धा टाकून दवाखान्यात आली. येताना घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आली होती.

"डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, महिन्याला एक. फार उशीर नाही झालेला. गेलेलं सगळं परत येईल असं मात्र सांगत नाही."

"डोळ्यात सुई?" बायकोने विचारलं.

"बाहुलीत नाही हो, बाजूला," चष्मेवालाच म्हणाला. आजवर कितीजणांना त्याने हेच सांगून धीर दिला होता. आज तो ते स्वतःलाच सांगत होता.

परतताना गाडीत बायकोने एकदाच विचारलं, "अहो, तुम्हाला कसं कळलं नाही?" तिच्या बोलण्यात रागापेक्षा भीती जास्त होती.

"थकलो होतो गं," तो म्हणाला. "वाटलं, आता असंच दिसायचं."

तिसऱ्या इंजेक्शननंतर बाक कमी झाला, गेला नाही. उजव्या डोळ्याने आता पाटी वाचता यायची, पण बारीक नेमाचं काम संपलं होतं. चष्मेवाल्याने पंधरा दिवस रायफलकडे पाहिलंही नाही. मग एका शनिवारी तो एकटाच बाईंच्या दुकानात गेला.

"डाव्या डोळ्यासाठी," तो म्हणाला.

बाईंनी आधी पंचेचाळीस पट दाखवणारी लावली. तो बराच वेळ बघत बसला. "मोठं दिसतं, पण मैदानावर मृगजळही तेवढंच मोठं दिसेल. आणि जडही आहे. रायफल स्पर्धेतल्या वजनाच्या मर्यादेबाहेर जाईल." मग छत्तीसची, नुसत्या फुलीची. मग ठिपक्याची.

"फुली जास्त बारकाईची," बाई म्हणाल्या. "ठिपका लक्ष्याचा मिरीएवढा भाग झाकतो. कोणती बरी वाटतेय?"

"पुन्हा दाखवा."

त्यांनी दाखवली. त्याने आणखी दोनदा मागितली. बाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. चष्मेवाल्याला आपल्या दुकानातली कितीतरी अवघडलेली तोंडं आठवली आणि मनातून ओशाळल्यासारखं झालं.

"ठिपका," तो शेवटी म्हणाला. "हा डोळा नवशिका आहे. रेषांमध्ये भटकतो. त्याला टेकायला काहीतरी लागेल."

पहिल्या रविवारी सगळंच उलटं झालं. डाव्या खांद्याला रायफल परकी लागली, मान अवघडली, चापावर बोट कुठे ठेवायचं तेही उमगेना. पाच गोळ्यांनी तळहाताएवढी जागा अडवली. मेहुण्याने कागद आणला, उलटसुलट करून पाहिला.

"भावोजी, एक बरंय. पाचही कागदावरच आहेत."

चष्मेवाल्याला हसू आलं, पण पुरतं हसायलाही ताकद नव्हती. त्याने मान चोळली, डावा डोळा मिटून थोडा विसावू दिला. मैदानावरची बाकीची माणसं सामान आवरायला लागली होती.

"निघायचं?" मेहुण्याने विचारलं.

"पाच गोळ्या उरल्यात," तो म्हणाला. "तू बस, पण दोन मिनिटं बोलू नकोस."

मेहुणा बसला. आणि खरोखरच दोन मिनिटं बोलला नाही.