पालखीच्या भांडणाखालचा मेल

आम्हा पार्से गावच्या लोकांना एक खोड आहे. गावाच्या ईमेल गटावर नवीन मेल कोणी लिहीतच नाही. जुना कुठला तरी मेल उघडायचा, ‘रिप्लाय’ दाबायचं, वरचा विषय खोडायचा आणि आपलं पुराण लावायचं. विषय बदलला तरी यंत्र त्याला जुन्याचंच उत्तर समजतं आणि त्या जुन्याखाली नेऊन ठेवतं. गट मी सांभाळते. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. तरी गट चालवते, कारण गावची मुलं जहाजांवर आहेत आणि भर समुद्रात त्यांना ईमेल तेवढा पोचतो.

निखिल त्यांतलाच. त्याची आई, आमची शेजारीण यशोदाकाकी, मंगळवारी पहाटे गेली. मी लगेच गटावर कळवलं. काकीचा थोरला मुलगा शिवदासदादा निखिलच्या उत्तराची वाट बघत माझ्या दारात बसून राहिला. त्याने बघितलं की मी नुसती मान हलवायची. ऊन कललं तशी भावकी कुरकुरू लागली आणि त्याने अग्नी दिला. परतताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, “भावाक एक ओळ लिवूक वेळ गावलो नाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल मोपाच्या विमानतळावरून टॅक्सी करून आला. त्याचं इकडचं सिम कधीच बंद पडलेलं, त्यामुळे फोनही नव्हता. घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकताच त्याने विचारलं, “आये खंय आसा?”

“अग्नी दिलंव काल,” दादा म्हणाला.

“थांबा म्हणान लिवललंय मी. काल दुपारीच.”

“खोटा बोला नको. गौरवी, दाखय त्याका.”

मी लॅपटॉप आणून निखिलचं नाव शोधलं. मेल होता. जत्रेतल्या पालखीचा मान कोणाचा, यावरून गटावर पेटलेल्या भांडणाच्या अगदी तळाशी. त्या भांडणाला विटून दादाने, मग मी, मग सगळ्यांनीच मेलांचा तो अख्खा धागा गप्प करून टाकला होता. त्यात काही आलं तरी आम्हाला दिसणार नव्हतं. ‘जहाज बंदराक लागलां. उद्या दुपारी पोचतंय. आयेक तवसर ठेवा.’

माझं डोकंच फिरलं. “नवो मेल लिवूक काय जाल्लां तुका? त्या भांडणात कित्याक घुसलंस?”

“भांडणात नाय गे. आयेच्या मेलाक जबाब दिलंय. तिचो तो एकच मेल. तोच उघडून बसललंय.”

दादाने मान वर केली. “आयेन मेल खंय लिवलो?”

लिहिला होता. जत्रेआधी काकीने सांगितला आणि मी त्या भांडणाखालीच टाइप केला. दादाने धागा गप्प केला होता तो त्याच्याही आधी. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तो ओठ हलवत वाचू लागला.

‘पालखी खंयच्याय खांद्यार जांव. झगडू नकात. माका न्हेशात तेवा माज्या दोनय झिलांचे खांदे लागूक व्हये.’

दादा पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मला रडू फुटलं. निखिलच्या खांद्याला बॅग तशीच लटकत होती. ती उतरवून घ्यायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.