वेगळं पातेलं

मावशीनं लहान पातेलं चुलीवरून उतरवलं, भिंतीकडे सरकवलं आणि त्यावर ताटली झाकली. मग पदराला हात पुसून तिनं मोठ्या पातेल्यातल्या वरणात मीठ टाकलं. अंदाजानं. चव पाहिली नाही.

कुंदा उंबऱ्यात केळीची पानं पुसत बसली होती. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"झाली का गं पानं? मथुराबाई येतील आता."

"झाली."

आज अविधवा नवमी होती. भादव्यातल्या पितृपंधरवड्यातला हा दिवस नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा. तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. कुंदाची आई छप्पन साली गेली, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि कुंदा आठ वर्षांची. शेवटचे चार महिने आईच्यानं उठवत नव्हतं, म्हणून रांधायला तिची धाकटी बहीण यवतमाळला आली. आई गेल्यावर वर्षाच्या आत ती बहीणच अण्णांची बायको झाली. तिला आई म्हणायचं, असं सगळ्यांनी कुंदाला बजावलं. कुंदा मावशीच म्हणत राहिली, आणि मावशीनं कधी हरकत घेतली नाही.

मथुराबाई शेजारच्या. दर नवमीला सवाष्ण म्हणून त्याच येत. पाटावर बसल्या, पुरणपोळीवर तूप ओतून घेतलं, आणि मावशी आमटी आणायला आत वळताच कुंदाकडे झुकल्या.

"आजही तिचं वेगळंच शिजलं ना गं?"

कुंदानं मान हलवली.

"मी आपली विचारते हो. पोळी झकास झाली आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण जी बाई आपल्या हातचं आपणच खात नाही, ती काहून खात नसेल?" त्यांनी आणखी एक घास घेतला. "तुझी आई शेवटी हिच्याच हातचं जेवत होती. मी काही म्हणत नाही. देव पाहून घेतो."

"तुम्ही तर जेवताय, काकू."

"मी वर्षातून एकदा जेवते बाई. तू रोज जेवतेस."

मावशी आमटी घेऊन आली तशा मथुराबाई सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "वा! सुगरण आहेस हो."

हे बोलणं आजचं नव्हतं. बैलपोळ्यापासून मथुराबाई थोडं थोडं सांगत होत्या. त्याआधी कुंदाला काही खटकलं नव्हतं. मावशीचे नेम पुष्कळ. कधी सोमवार, कधी चतुर्थी, चातुर्मासात तर काही विचारूच नये. तिचं पातेलं वेगळं शिजायचं आणि ती सगळ्यांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. घरातलं हे रोजचंच होतं. पण मथुराबाई बोलल्या आणि डोळ्यांना दुसरंच दिसू लागलं. मावशी भाजीची चव घेत नाही. अण्णा म्हणाले, वरण खारट झालं, तर ती म्हणते, हो का, आणि जिभेला लावूनही पाहत नाही. पंधरा दिवसांपासून कुंदा पानातलं अर्धं अन्न घरच्या भाकड गाईपुढे टाकत होती, आणि दुसऱ्या दिवशी गाय उभी आहे ना, हे पाहायला परसात जात होती.

गाय ठणठणीत होती. त्यानंही तिचं समाधान होत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. नेरहून एक स्थळ आलं होतं. मुलगा तिथल्या बाजार समितीत कारकून, माणसं बरी. त्यांना मार्गशीर्षात लग्न हवं होतं आणि उत्तर उद्या सकाळच्या टपालानं जायला पाहिजे होतं. मावशी आठवडाभर एकच म्हणत होती, पोर यंदा मॅट्रिकला आहे, पुढे मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं म्हणते, घाई कशाला. मागच्या वर्षी पांढरकवड्याचं स्थळ तिनंच असं परत पाठवलं होतं. आईच्या पाटल्या द्याव्या लागतील ना, मथुराबाई म्हणाल्या होत्या. आज सकाळी अण्णा चहा घेत होते, तेव्हा कुंदा त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, "होकार लिहा." ट्रेनिंगचं स्वप्न तिनं तीन वर्षं जपलं होतं. पण या घरातून बाहेर पडायचं तर दुसरं दार तिला दिसत नव्हतं.

जेवणं झाली. अण्णा कचेरीत गेले. ओटी घेऊन मथुराबाई गेल्या, आणि मावशी रामाच्या देवळात नैवेद्य द्यायला गेली. घरात कुणी नव्हतं.

कुंदानं भिंतीजवळच्या पातेल्यावरची ताटली उचलली. आत मुगाचं वरण आणि भात, एकत्र कालवलेला. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

अळणी.

तिनं पुन्हा चाखलं. मीठ मुळीच नव्हतं. ती मिठाच्या बरणीकडे पाहत राहिली. म्हणजे अन्न तेच होतं. फरक काय तो या बरणीत होता. तिनं बरणी फडताळातून काढली, छातीशी धरून परसात नेली आणि मोरीपाशी उपडी केली.

"अवं पोरी! मीठ काहून सांडून राह्यली?"

मानीबाई परसाच्या फाटकात उभी होती. डोक्यावर तुपाचा गडू, हातभर पांढऱ्या बांगड्या, बलोत्या. कुंदाची आई होती तेव्हापासून ती लोहाऱ्याच्या पलीकडच्या तांड्यावरून येऊन या घरी दूध-तूप घालत होती.

"खराब झालंय."

"मीठ कुठं खराब होते? सांडलेलं मीठ देवाघरी पापन्यानं येचा लागते, ठाव हाय ना तुले?" तिनं गडू खाली ठेवला. "माह्या आज्याचा बैलाचा तांडा होता. मिठाच्या गोन्या वाहे. एक डाव बैल नदीत बसला, त म्हातारा दोन दिवस रडला. बैलासाठी नाही, मिठासाठी. बैल त उठून उभा राह्यला व्हता."

कुंदा हसली नाही.

"मावशी हे मीठ खात नाही. आम्हाला घालते आणि स्वतः खात नाही. आईलाही तिनंच रांधून घातलं. काहून खात नाही ती? तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

मानीबाई तिच्याकडे पाहतच राहिली. मग मोरीच्या कठड्यावर बसली. तिनं हातातल्या बलोत्या मागेपुढे केल्या.

"हे तुया डोक्शात कोनं घातलं, ते मले नको सांगू. त्या बाईच्या घरी बी मी तूप घालतो." ती खाकरली. "तू सहा वर्साची होती. बारा दिवस ताप उतरे ना. मी दूध घेऊन आलती, तवा तुयी माय देवापुढं बसली व्हती. माह्यासमोर बोलली ते. पोर वाचू दे, तिच्यावर अक्षता पडेस्तोवर मीठ तोंडात घालनार नाही."

कुंदानं रिकामी बरणी खाली ठेवली.

"तू वाचली. तिनं मीठ सोडलं. दोन उन्हाळे काढले बिचारीनं. पायात गोळे ये, भोवळ ये. मी ताक आनलं, म्हनलं, बाई, एक चिमूट टाक, देव काही मोजून नाही राह्यला. हासली. आयकलं नाही."

"आणि मावशी?"

"याडी, तुयी माय, गेली, नवस अर्धा राह्यला. अर्धा नवस लेकरावर येते म्हनतात. तुया मावशीनं तिच्या उशाशी बसून तो आपल्या अंगावर घेतला. तवा तिचं लगनबी झालं नव्हतं. मले म्हने, कोनाले सांगू नको, पोरीले त मुळीच नाही. सांगतलं त फळ जाते." मानीबाईनं दोन्ही कानांना हात लावले. "आज सांगतलं मी. देवी मले माफ करो."

ती गेल्यावर कुंदा मोरीपाशी उकिडवी बसली आणि कोरड्या फरशीवरचे मिठाचे खडे वेचू लागली. आईच्या आठवणी तिच्यापाशी फार नव्हत्या. पहाटेच्या अंधारातली जात्याची घरघर आणि मांडीवर ठेवलेलं आपलं डोकं. तुळशीपुढे हात जोडताना आईचं पुटपुटणं, ज्यात आपलं नाव दर वेळी यायचं. तापात कपाळावर येणारा कापराच्या वासाचा हात. आणि एक वाईट आठवण, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. आई जेवत होती, आपण तिच्या पानात हात घातला, आणि आईनं तो हात झटकला होता. "तू तुझ्या पानात जेव." आई तेवढी एकदाच रागावली होती.

कुंदानं ओंजळीतलं मीठ बरणीत टाकलं. मग तिचा हात बरणीच्या काठावरच राहिला.

अक्षता पडेस्तोवर.

पांढरकवड्याचं स्थळ मावशीनं परत पाठवलं होतं. नेरचंही ती परत पाठवत होती.

संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले. हातपाय धुऊन त्यांनी पोस्टकार्ड आणि दौत पुढे ठेवली. घरातली पत्रं कुंदाच लिहायची. अण्णा मजकूर सांगायचे आणि खाली सही करायचे.

"सकाळी तू म्हणालीस, होकार लिहा," अण्णा म्हणाले. "विचार तोच आहे ना?"

कुंदा उत्तर देणार, तोच मावशी दाराशी येऊन उभी राहिली. हात पिठाचे होते.

"तिचं काय ऐकता? सकाळी रागात होती पोर, मी काय पाहिलं नाही? मॅट्रिक होऊ द्या. मग ट्रेनिंगची दोन वर्षं. लिहा, तीन वर्षांनी कळवू."

"तीन वर्षं थांबतील ते?"

"नाही थांबले तर दुसरे येतील. नेरात काय एकच मुलगा आहे?"

"मावशी," कुंदा म्हणाली, "मला चालेल गं. मार्गशीर्षात."

मावशीनं तिच्याकडे निरखून पाहिलं.

"कुणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"मग लिही. माझ्यावर राग असला तरी लिही. माझ्यासारखी अंगठा उमटवत राहू नको जन्मभर."

कुंदानं टाक बुडवला. अण्णा सांगत गेले, ती लिहीत गेली. सप्रेम नमस्कार. पत्र पावले. मुलीचे शिक्षण चालू असल्याने यंदा लग्न करण्याचा विचार नाही. शेवटच्या ओळीशी टाक थोडा थांबला, मग पुढे सरकला.

"वाच पाहू," मावशी म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती. श्रावणातल्या कहाण्याही कुंदाच तिला वाचून दाखवायची.

कुंदानं कार्ड उजेडाकडे धरलं. सगळं पत्र वाचलं, आणि शेवटची ओळ तिनं जरा सावकाश वाचली. "तरी तीन वर्षांनी आपणांस कळवू."

"हं," मावशी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि ती पुन्हा परातीकडे वळली.

अण्णांनी सहीसाठी कार्ड घेतलं. सवयीनं एकदा वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर अडली. तिथे कुंदाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, मॅट्रिकची परीक्षा होताच, येत्या वैशाखात लग्न करू.

त्यांनी चष्म्यावरून कुंदाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथून कणीक मळल्याचा आवाज येत होता. बराच वेळ ते त्या दाराकडेच पाहत होते.

"अण्णा, सही," कुंदा हळूच म्हणाली.

त्यांनी टाक उचलला आणि सही केली.