पियुषिकेतला तपकिरी रंग

माझी नणंदच माझी पीएचडीची गाईड होती हे ऐकून लोक म्हणतात, मग काय, घरचंच कार्य. ज्यांना नणंद नाही तेच असं म्हणू शकतात. घरी मी तिला ताई म्हणायचे, प्रयोगशाळेत मॅडम, आणि मनात काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्नानंतर दहा वर्षांनी मी पुन्हा शिकायचं ठरवलं तेव्हा ती भावाला म्हणाली होती, "तिला झेपेल असं वाटत नाही, पण येऊ दे." ते 'येऊ दे' मी सहा वर्षं गिळत होते.

अमिनो आम्लं हातमोज्यांसारखी असतात, एक डावं, एक उजवं. एकाला एल म्हणतात, दुसऱ्याला डी. सस्तन प्राण्यांच्या शरीरात एलच चालतं, डी असलंच तर जंतूंचं, असं ताई पंचवीस वर्षं शिकवत आली. आणि मला डी-ॲस्पार्टेट, म्हणजे अशाच एका आम्लाचं डी रूप, सापडलं ते उंदराच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीत, तेही दुधाचं संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींतच. डी ओळखणारी अँटिबॉडी टाकली की त्या पेशी तपकिरी व्हायच्या आणि शेजारच्या कोऱ्या राहायच्या. सहा वर्षांत मी कमावला तो एवढा तपकिरी रंग.

"रंग काय, कशालाही चढतो," ताई सगळ्यांदेखत म्हणाली. "तुझी अँटिबॉडी एललाही धरत असेल."

प्रबंधाच्या परीक्षकांनीही तीच शंका काढली. उत्तर एका प्रयोगात होतं. अँटिबॉडी आधी डीमध्ये मुरवायची आणि मग स्लाइडवर टाकायची. तिचं पोट आधीच भरलेलं, त्यामुळे रंग येता कामा नये. एलमध्ये मुरवली तर मात्र यायलाच हवा. नाहीतर पदवी गेली, कारण माझ्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. अँटिबॉडीची एकच नळी उरली होती.

"हे मी स्वतः करणार," ताई म्हणाली. "भावजयीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको." माझ्यावर विश्वास नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी उभी होती. कपाटातून तिनं डी-ॲस्पार्टेटच्या भुकटीची बाटली काढली आणि मी थबकले. आमची अँटिबॉडी सुट्या ॲस्पार्टेटला ओळखतच नाही. ते एवढंसं असतं की ग्रंथीतून धुऊन जातं, म्हणून आम्ही ते ग्लुटारल्डिहाइड नावाच्या रसायनानं प्रथिनाला चिकटवून टाकतो, आणि अँटिबॉडी बनवलीय ती त्या चिकटलेल्या रूपावर. मुरवायलाही तेच लागतं. त्याची कुपी फ्रीजमध्ये तयार होती. पण ताईचा जन्म गेला मोठमोठ्या संप्रेरकांवर, ती चिकटवावी लागत नाहीत, तिला सरळ बाटली उघडायची सवय.

"ही चालेल ना?" तिनं विचारलं. ती मला कधी काही विचारत नसे.

सहा वर्षांत पहिल्यांदा ती चुकत होती आणि ते मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पडू दे भर सभेत तोंडावर.

"तुम्हाला जास्त कळतं, मॅडम," मी म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आठवड्यानं परीक्षकांपुढे सभा भरली. पडद्यावर डीत मुरवलेल्या अँटिबॉडीची स्लाइड तपकिरी आणि एलमध्ये मुरवलेलीचीही तपकिरी. ताई "वाईट वाटतं" एवढंच म्हणाली. मी उठले आणि भुकटीची चूक सगळ्यांना समजावून सांगितली, अगदी सावकाश, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतात तशी. ताईचा चेहरा उतरत गेला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"बरोबर आहे तुमचं," परीक्षक म्हणाले. "मग चिकटवलेल्या डीवर पुन्हा करा. मी दोन दिवस थांबतो."

"कशानं करणार?" ताई म्हणाली. "नळी संपली. ज्या सशापासून ती अँटिबॉडी काढली तोही मेला."

मला वाटलं होतं, ती दोन थेंब वापरेल आणि उरलेल्यात मी बरोबर करून दाखवीन. तिनं सहा उंदरांच्या पन्नास स्लाइड्स केल्या होत्या.

"चूक कधी लक्षात आली तुमच्या?" परीक्षकांनी मला विचारलं.

'आत्ताच' असं म्हणणार होते. ताई माझ्याकडे बघत होती.

"प्रयोगाच्या दिवशी," मी म्हणाले. "सुरू व्हायच्या आधी."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. पुराव्याशिवाय सही करता येणार नाही, म्हणाले, आणि हे ऐकल्यावर मुदतवाढीची शिफारसही करणार नाहीत.

जिन्यात ताईनं मला गाठलं. मला वाटलं, आता ओरडेल. मीही कंबर कसून तयार होते.

"पन्नास स्लाइड्स कुणासाठी केल्या होत्या, माहितीये?" ती म्हणाली. "तुझ्या जुन्या स्लाइड्सवरच्या त्या पेशी मी महिनाभर रोज बघत होते. मला कधीच पटलं होतं. तुझ्या हातानं केलं असतं तर त्यांनी मानलं नसतं, म्हणून मी करायला घेतलं."

ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"उद्यापासून येऊ नकोस. माझ्या घरीही नको."