गोरोमा भारी का किशी?

"हरंल त्याची अर्धी मिशी. चौकात, तिप्पण्णा न्हाव्याच्या खुर्चीवर, टॉवेल कारखान्यातल्या लूमची पाळी सुटताना," मी म्हणालो.

शेजारचा महेबूबभाई बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मंजूर. तुझा राक्षस, माझी पोरगी."

भांडण जपानी चित्रकथेच्या इंग्रजीतल्या पुस्तकावरनं. माझी पुतणी पायल, तिचं ते. त्यात गोरोमा नावाचा डोंगराएवढा राक्षस अन् किशी नावाची काठीवाली पोरगी. शेवटच्या पानावर जो उभा, तो भारी. पंच पायल.

पैजेआधीच मी गुपचूप शेवटचं पान बघून ठेवलं हुतं. गोरोमा पोरीची काठी हिसकून दात काढत उभा. उगंच मिशी पणाला लावणारा गडी मी न्हाय. त्यात रविवारी मेव्हणीचं लगीन.

कट्ट्यावर बसून पुस्तक उघडलं. इंग्रजी वाचणारं दोघांत कुणी न्हाय, नुसती चित्रं. पहिल्याच पानावर गोरोमा पालथा.

"झोपला आसंल," मी म्हणालो.

मग भुईवर पडलेले त्याचे दात उडून तोंडात बसले. पडलेली भिंत आपोआप उभी राहिली. किशीची जखम गायब.

"जपान्यांची औषधं लई भारी की."

"अरे, मागनं काय बघतोस?" महेबूबभाईनं पुस्तक ओढलं अन् घरी उर्दू पुस्तक उघडतो तसं उजवीकडनं उघडलं. आता भिंत पडली, दात पडले, शेवटी गोरोमा पडला.

एका पुस्तकात दोन निकाल?

पायल हसायला लागली. "काका, हे उजवीकडनंच बघायचं असतंय. किशी जिंकली."

"मग मी बघितलेलं शेवटचं पान?"

"ते पहिलं."

महेबूबभाईनं बशी खाली ठेवली. "बघितलेलं? कधी?"

मी चहात बुडालो.

पाळी सुटली. टॉवेल कारखान्यातली निम्मी माणसं सायकली थांबवून उभी. तिप्पण्णानं वस्तरा पाजळला.

"कुठली काढू?"

"उजवीकडनंच सुरू कर," महेबूबभाई म्हणाला.

उजवी गेली. समोर आरशात बघतो तर त्या गड्याची डावी गेलेली. आता रविवारी लग्नात कुठल्या गालावर रुमाल धरायचा, तेच कळंना.