हाडाची पट्टी

पान एकशे बेचाळीसवरची पिवळी चिठ्ठी तिने उपटली, चुरगाळली आणि पुन्हा उलगडून वाचली. 'इथे मी खिडकी बंद करायला उठलो. परत आल्यावर कुठे होतो ते आठवेना.' संपादकाचं अक्षर नेहमीसारखंच बारीक, सरळ, रागलोभ नसलेलं. पुढच्या एकोणचाळीस पानांवर अशा आणखी दहा चिठ्ठ्या होत्या. शब्द वेगळे, म्हणणं एकच. शेवटच्या चिठ्ठीवर त्याने शब्दही खर्च केले नव्हते. नुसती आडवी रेघ ओढली होती.

तिने फोन लावला.

"अख्खी चाळीस पानं?"

"नमस्कार," संपादक म्हणाला.

"अख्खी चाळीस?"

"वाक्यं चांगली आहेत. फारच चांगली आहेत. पण या चाळीस पानांत मला एकही माणूस भेटला नाही, बाई. तुम्ही तेवढ्या भेटलात. सारख्या."

"पाचव्या खर्ड्याच्या वेळी का नाही बोललात?"

"पाचव्यात ही पानं नव्हतीच. तुम्ही ती नंतर घातलीत." पलीकडे कागद सरकले. "एकतीस तारखेला आमची यादी बंद होते. त्याआधी पानं नीट होऊन आली तर पुस्तक यादीत. नाही तर पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' हे ती सलग तिसऱ्या वर्षी ऐकत होती. तिने उत्तर न देता फोन ठेवला.

लाल पेनासाठी तिने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला या वर्षीचं कार्ड चिकटवलेलं होतं. दर जानेवारीत ती असं एक कार्ड लिहायची. पाच ओळी, त्याहून जास्त नाही. एक: कादंबरी घराबाहेर. दोन: रोज सातशे शब्द, तापातसुद्धा. तीन: समीक्षकांना उत्तरं देणं बंद. चार: माणसं नीट बघणे. पाच: पाठीचे व्यायाम. चौथ्या ओळीपुढे मार्चमध्येच बरोबरची खूण झाली होती. पाचवीपुढे ती कधीच होणार नव्हती. पहिली ओळ गेल्या वर्षीच्या कार्डावरही होती आणि त्याच्या आधीच्याही. सात वर्षं एक कादंबरी, सहा खर्डे, आणि वर्षाचे उरलेले दिवस एकोणीस.

संपादकावर रागावून उपयोग नव्हता. तो बरोबर आहे, हे तिला दुसऱ्या चिठ्ठीपाशीच कळलं होतं. मग तिने आपल्याकडच्या प्रतीचे समास पाहिले, आणि रागाला जागा सापडली.

समासात लाल फुल्या होत्या. त्या तिने स्वतःच केलेल्या, पण ताईच्या सांगण्यावरून. ताई, तिची थोरली बहीण, खालच्या मजल्यावर राहायची. छापखान्याच्या बांधणी विभागात तिने बत्तीस वर्षं काढली होती. शेजारच्या यंत्रांवरून छापून आलेले कागद दुमडायचे आणि घडीवरून हाडाची पट्टी दाबून फिरवायची, हे तिचं काम. निवृत्त होताना तिने कंपनीचं घड्याळ घेतलं नाही, पट्टी मागून घेतली. धाकटीची पहिली कादंबरी आली तेव्हापासून रिवाज ठरला होता. दुपारी चारला धाकटीने नवी पानं घेऊन खाली जायचं आणि मोठ्याने वाचायचं. ताई समोर बसून ऐकायची, हातात ती पट्टी. एक ठोका म्हणजे कंटाळा आला. दोन ठोके म्हणजे हे खोटं आहे. चांगल्यासाठी ठोका नव्हता. चार पुस्तकं त्या पट्टीखालून गेली होती, आणि पट्टी चुकल्याचं तिला आठवत नव्हतं.

सहाव्या खर्ड्यात दीडशेच्या वर फुल्या होत्या. एकशे बेचाळीस ते एकशे एक्क्याऐंशी या पानांचे समास मात्र स्वच्छ होते. कोरे. धुतल्यासारखे.

म्हणजे ताईला झोप लागली होती. किंवा तिने दया केली होती. दुसऱ्या शक्यतेने तिचे कान तापले.

चारला दहा मिनिटं कमी असतानाच ती पानं घेऊन खाली गेली. दार लोटलेलं होतं. ताई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. सावली पडली तशी तिने मान वर केली.

"लवकर आलीस. आणि तोंड असं का, कुणी दात उपटून हातात दिल्यासारखं?"

"वाचायचंय."

"नवं?"

"जुनंच. एकशे बेचाळीसपासून."

"ते झालंय की वाचून. जुलैत."

"परत वाचायचंय म्हटलं ना."

"वाच बाई. माझं काय जातंय. मी बसूनच असते." ताईने अभ्रा बाजूला ठेवला, टेबलाच्या खणातून पट्टी काढली आणि खुर्ची सरळ केली.

ती वाचू लागली. नदीकाठच्या गावाला सोडून निघालेल्या बाईचे विचार होते, पानामागून पान. एकेक वाक्य घासून पुसून ठेवलेलं. जुलैत ही वाक्यं वाचताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा, मऊ व्हायचा. आजही दुसऱ्या पानावर तो तसा झाला, आणि त्याचीच तिला चीड आली. तिसरं पान. चौथं. पट्टी ताईच्या मांडीवर आडवी पडून होती. ताई मान किंचित तिरकी करून तिच्याकडे बघत होती, शांत, समाधानी.

तिने पाचवं पान उचलून तोंडासमोर धरलं. त्या समाधानी चेहऱ्याकडे तिला बघवेना.

"'पलीकडचा काठ तिला आता दिसत नव्हता,'" ती वाचत गेली, आणि मग आवाज न बदलता, लय न मोडता पुढे म्हणाली, "'आणि समोर बसलेली म्हातारी उघड्या डोळ्यांनी घोरत होती. आयुष्यभर लोकांच्या पुस्तकांना घड्या घातल्या, म्हणून तिला वाटायचं की पुस्तकातलं आपल्याला कळतं. तिला काडीचंही कळत नव्हतं. कधीच कळलं नव्हतं. बहिणीने केवळ सवयीने तिला इतकी वर्षं समोर बसवलं होतं, दारात जुनी खुर्ची असते तशी.'"

खोलीत काही हललं नाही. तिने पान खाली घेतलं.

ताई तिच्याकडे बघत होती. मान तशीच तिरकी. तिने पट्टीचं टोक जरासं हलवलं, म्हणजे: थांबलीस का, वाच पुढे.

"ताई."

"हं."

"काय वाचलं मी आत्ता?"

ताईची नजर तिच्या ओठांवर आली, आणि मग तिथून निघून खिडकीकडे गेली. तिने पट्टी टेबलावर ठेवली, टेबलाच्या कडेला समांतर, नीट.

"पान असं तोंडासमोर धरलंस तर मला कसं कळणार?" ती म्हणाली.

धाकटी उठली, खुर्ची मागे सरकली आणि पडली. तिने ती उचलली नाही.

"कधीपासून?"

"इकडे बघून बोल."

"कधीपासून, ताई?"

"उजवा कान गेला तो यंत्रांपायीच. डावा गेल्या वर्षी, थंडीत. हळूहळू गेला, पाहुण्यासारखा. दारात निम्मा वेळ उभा."

"आणि माझ्याशी बोलतेस ती कशी? आत्ता बोललीस. रोज बोलतेस!"

"छापखान्याच्या त्या हॉलमध्ये कुणाला काय ऐकू यायचं? बत्तीस वर्षं आम्ही सगळ्या जणी एकमेकींचे ओठ बघून बोललो. बोलताना तू समोर बघतेस, तेव्हा कळतं. वाचताना तू खाली बघतेस."

"मग हे ठोके?" तिने पानांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "दीडशे ठोके मारलेस तू या खर्ड्यात! तेवढी वाक्यं मी छाटली, तुझ्या एका ठोक्यावर! सगळं अंदाजपंचे दाहोदरसे?"

"ओरडू नकोस. तोंड वाकडं होतं, वाचता येत नाही."

त्यावर तिला ओरडताही येईना. ती उभीच राहिली, मुठी टेबलावर टेकून.

"अंदाज नव्हता," ताई म्हणाली. "कंटाळवाणं लिहिलं असलंस की तुला माझ्याआधी कंटाळा येतो. डाव्या पायाचा अंगठा हलायला लागतो. खोटं लिहिलं असलंस की आवंढा गिळतेस आणि पान घाईने उलटतेस. लहानपणी साखर चोरून खायचीस तेव्हापासून तसाच गिळतेस. मी तेवढंच बघायचे. चुकलं का कुठे? छाटलेल्यातलं एक तरी वाक्य परत घ्यावंसं वाटलं तुला?"

वाटलं नव्हतं.

"आणि ही चाळीस पानं?"

"ही वाचताना तू खूष होतीस." ताईने गठ्ठ्याकडे पाहिलं. "इतकी खूष मी तुला कधी बघितली नव्हती. आरशासमोर उभी राहिल्यासारखी. मला वाटलं, चांगलं असेल. आणि नसलंच, तर म्हटलं, सात वर्षांत चाळीस पानांची चैन केली पोरीने. कशाला मोडता घाला?"

"मोडताच घालायचा असतो! त्यासाठीच तर येते मी!"

"ते मला आत्ता कळतंय, त्यासाठीच येतेस ते."

"म्हणजे काय?"

"काही नाही."

"नाही, बोल. वर्षभर फसवलंस ते फसवलंस, आता टोमणे तरी पुरे कर. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारायचं होतंस."

"काय विचारायचं? बाई, बहिरी झालीस का?"

"काहीही." ताईचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि तो किती चढलाय हे तिला कळत नसल्याने खोलीभर झाला. "काहीही विचारायचं होतंस. मागे एकदा दाराची घंटी वाजत राहिली, मी उठले नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, वास तुझ्या नाकात गेला, तू म्हणालीस जरा खिडकी उघड, लक्ष विचलित होतं. वर्षभरात तू मला एकच प्रश्न विचारलास, छोटे. 'वाचू?' आणि त्याच्याही उत्तराला थांबली नाहीस कधी."

ती वळली आणि जिना चढून वर गेली. टेबलाशी बसली, उठली. काहीतरी फोडावं असं वाटून पाण्याचा पेला हातात घेतला आणि तो पुन्हा ठेवला. कोरी पानं समोर ओढून एकशे बेचाळीसचं पहिलं वाक्य नव्याने लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. तेही चांगलं वाक्य होतं. तिने तेही खोडलं. लाल पेन अजून कपाटातच होतं. दार उघडून तिने आत हात घातला, कार्डाकडे न बघता पेन काढलं आणि दार बंद केलं.

ती खाली आली तेव्हा पडलेली खुर्ची उभी केलेली होती. ताई अभ्र्याला टाके घालत होती. धाकटीने खुर्ची उचलून खिडकीच्या समोर आणली, उजेड आपल्या तोंडावर येईल अशी, आणि दणकन ठेवली. त्या दणक्याने जमीन हादरली असावी, कारण ताईने वर पाहिलं.

"पहिल्यापासून," धाकटी म्हणाली. शब्द स्पष्ट, रागाने तोडलेले.

ताईने पट्टी घेतली.

तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. आपल्याला एक चेहरा आहे आणि तो सगळं सांगत सुटतो, हे तिला आजवर कधी जाणवलं नव्हतं. तिने जबडा घट्ट केला, पाय जमिनीवर रोवले.

"चेहरा कशाला धरून ठेवलायस?" ताई म्हणाली. "सोड."

"मी काही धरलेला नाही," ती दाराकडे तोंड वळवत म्हणाली.

"बरं. मग दाराशी तरी नको बोलूस. वाच."

तिने श्वास सोडला आणि पुन्हा सुरुवात केली. आता तिला तिची वाक्यं ऐकू येत होती, एकामागून एक, सगळी सारखीच सुंदर. तिसऱ्या ओळीवर ठोका पडला. एकच. तिने त्या ओळीवर लाल रेघ मारली, इतक्या जोरात की कागद फाटला. पाचव्या ओळीवर दुसरा. मग परिच्छेदाच्या मधोमध. पहिल्या पानावर सात ओळी उरल्या, दुसऱ्यावर तीन. तिसरं पान तिने अर्ध्यावर सोडलं आणि सगळंच्या सगळं आडवं खोडलं. ताईने हरकत घेतली नाही.

पाचव्या पानाशी ती पोचली. तिने ते हातात घेतलं, आणि ते टेबलावर सपाट ठेवलं.

"हेच ना ते?" ताईने विचारलं.

"कुठलं?"

"मघाशी तोंडासमोर धरलंस ते. बराच वेळ वाचत होतीस. काय होतं त्यात?"

खिडकीतला उजेड सरळ डोळ्यांत येत होता. तिने पापण्या मिटल्या नाहीत.

"काही नाही," ती म्हणाली. "पुस्तकातलंच होतं. नदीचं."

ताई तिच्याकडे बघत राहिली. ओठांकडे नाही, त्याच्या जरा खाली, गळ्याकडे. मग तिने पट्टी उचलली आणि टेबलावर दोनदा वाजवली.