आण्णासाहेबांची वीट

तेरमधल्या त्रिभुवनांच्या घरी सकाळी आठला उपासना व्हायची. शामुवेल तोवर सात वीसच्या एसटीनं धाराशिवला गेलेला असायचा. तिथल्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं त्याचं काम. मागं त्याची बायको सुवार्ता आणि दोन मुली, अकरा वर्षांची रिबेका आणि सात वर्षांची हन्ना. एक गाणं, बायबलचा एक अध्याय, प्रार्थना, आणि मग त्याच सतरंजीवर गणिताची वही.

सुवार्ता लग्नाआधी शिक्षिका होती. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा तिनं रिबेकाला घरी शिकवायला घेतलं, आणि शाळा उघडल्या तरी थांबवलं नाही. एका प्रश्नावर दोन दिवस घालवता येतात, ही चैन तिला सोडवेना. शेजारच्या कमलबाईंना मात्र ते काही केल्या पटत नव्हतं.

"तूच शिकवनार, तूच पेपर काढनार, तूच तपासनार," त्या म्हणायच्या. "मंग पोरी नापास कवा व्हनार?"

"मुक्त विद्यालयाची परीक्षा देतील त्या, मावशी," सुवार्ता सांगायची. पण कमलबाईंना वाटणारी धास्ती तिच्याही मनात होतीच.

मार्चमधल्या एका सकाळी अध्याय असा आला, की नदीत पडलेलं कुऱ्हाडीचं पातं एका संदेष्ट्यानं पाण्यावर तरंगवलं. रिबेकानं प्रार्थनेआधीच हात वर केला.

"लोखंड कसं तरंगलं?"

"देवानं तरंगवलं."

"हो, पण कसं?"

"मला माहीत नाही," सुवार्ता म्हणाली. हे वाक्य मुलींपासून लपवायचं नाही, असं तिनं आणि शामुवेलनं कधीच ठरवलं होतं.

"आण्णा आजोबांची तर वीट तरंगते," हन्ना मध्येच बोलली.

आण्णासाहेब म्हणजे कमलबाईंचे यजमान. गावातल्या जुन्या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात, असं तेरमध्ये सगळेच सांगतात. आण्णासाहेबांच्या वडलांना विहीर खणताना तशीच एक वीट सापडली होती. ती गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेली असायची आणि आल्यागेल्याला दाखवली जायची. गणित तसंच टाकून तिघी गोठ्यात गेल्या. आण्णासाहेबांनी कौतुकानं वीट रिबेकाच्या हातात दिली. लांबरुंद होती, पण हाताला इतकी हलकी लागली, की रिबेकानं दोनदा खालीवर करून बघितली.

"फुलावानी तरंगती," आण्णासाहेब म्हणाले.

"तुम्ही पाण्यात टाकून बघितलीय?"

"आमच्या बापानं बघितली व्हती."

"पण तुम्ही?"

आण्णासाहेबांनी वीट परत घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली. "म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलंय," म्हणाले आणि उठले.

परत येताना रिबेकानं विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का?"

"चुकीचं नाही. पण समज, ती बुडाली तर? इतकी वर्षं सगळ्या गावाला सांगत आलेत ते."

रिबेकानं वळून गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मग त्यांची वीट नको. आपण करूया."

पुढचे पंधरा दिवस भूगोल, विज्ञान, मराठी, सगळं त्या विटेतच झालं. वीट हलकी कशानं होत असेल, यावर शामुवेलनं संध्याकाळी चहा पिता पिता पावाचा तुकडा मोडून दाखवला. आत नुसती भोकं. रिबेका लगेच म्हणाली, "मातीत असं काहीतरी घालायचं, जे भट्टीत जळून जाईल." तेरणा नदीच्या काठचा गाळ आणला. गव्हाचा भुसा कमलबाईंनी दिला, "काय करतेत कुनास ठाऊक" असं पुटपुटत. रिबेकानं तीन विटा पाडल्या. एकीत मातीच्या निम्मा भुसा, एकीत मातीइतका, एकीत दुप्पट. हन्नानं काडीनं त्यांच्यावर एक, दोन, तीन असे आकडे कोरले. तीनचा आकडा उलटा पडला.

गावाबाहेर बलभीमची वीटभट्टी होती. त्यानं विटा हातात घेतल्या आणि हसला.

"ताई, भुसा घालून कच्ची वीट हुती. माझं गिऱ्हाईक मला मारंल."

"घर बांधायचं नाही. पाण्यात सोडायच्यात," रिबेका म्हणाली.

"पान्यात? आन् कशापायी?"

"बघायला."

बलभीमनं डोकं खाजवलं, पण विटा ठेवून घेतल्या. एवढंच नाही, तर भट्टी निवल्यावर स्वतः मोटरसायकलवर घेऊन आला आणि जायचं नाव घेईना. तीन नंबरची वाटेतच फुटली होती. अंगणात मोठ्या टबात पाणी भरलं. एक नंबर टाकली, ती सरळ तळाला गेली. दोन नंबर मात्र तरंगली! हन्नानं आरोळी ठोकली. बलभीम उकिडवा बसून डोळे फाडून बघत राहिला. पण विटेच्या अंगातून बारीक बारीक बुडबुडे निघत होते. ती हळूहळू कलली, आणि अकराव्या मिनिटाला गेली खाली.

हन्नाला रडू आलं. रिबेका टबावर ओणवी झाली होती. "हवा बाहेर येतेय, म्हणून पाणी आत जातंय," ती म्हणाली. "भोकं एकमेकांना जोडलेली आहेत वाटतं. मम्मी, मग जुन्या विटेत पाणी का शिरत नसेल?"

"शिरत नसेल, हे तरी आपल्याला कुठं ठाऊक आहे?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. आण्णासाहेब उभे होते. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली वीट. ते किती वेळ तिथं होते, कुणालाच कळलं नव्हतं. मागं कमलबाई.

"घाला पान्यात," ते म्हणाले.

"आजोबा, नको. राहू दे," रिबेका म्हणाली.

"आगं, सत्तरी उलटली माझी. आता न्हाय बघायची तर कवा?" पण वीट त्यांनी कुणाला दिली नाही. स्वतःच वाकून पाण्यावर ठेवली. ठेवली, तरी बोटं सुटेनात.

"सोडा की," कमलबाई म्हणाल्या.

त्यांनी बोटं काढली. वीट खाली दबली, पाणी तिच्या कडेपर्यंत चढलं. मग ती वर आली. एका अंगाला कलून, बोटभर पाठ पाण्याबाहेर ठेवून, तरंगत राहिली.

रिबेका शामुवेलच्या जुन्या घड्याळाकडं बघत होती. दहा मिनिटं. अकरा. बारा. चार-दोन बुडबुडे आले नि थांबले. अर्धा तास झाला, तरी वीट होती तिथंच.

आण्णासाहेब टबाजवळ मातीतच बसले. "म्या चाळीस वर्सं खरं बोलत हुतो," ते म्हणाले, "आन् मलाच ठावं नव्हतं."

कमलबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच बलभीमवर ओरडल्या, "तू काय बघतूस? तुला जमंल का अशी भाजाया?"

"न्हाय जमायचं, आज्जी," बलभीम म्हणाला. पण जाताना तो फुटलेल्या तीन नंबरचे तुकडे मागून घेऊन गेला.

रिबेकानं वहीत लिहिलं : जुनी वीट, अर्धा तास, बुडाली नाही. कारण : माहीत नाही. सुवार्तानं त्या 'माहीत नाही'खाली लाल पेनानं बरोबरची खूण केली. कमलबाईंनी ते वाकून बघितलं. "असं उत्तर बी चालतंय व्हय तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं, पण आवाजात या वेळी भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपते न आटोपते, तोच आण्णासाहेब दारात. आत यायला संकोचत होते. सुवार्तानं सतरंजीवर जागा करून दिली.

"बाई, एक इचारू का?" ते म्हणाले. "चिंचंखाली निजलं की अंग जड पडतंय, असं आमचा बाप म्हनायचा. म्या जल्मात कवा निजलो न्हाय. ते खरं आसंल का?"

सुवार्तानं रिबेकाकडं बघितलं. रिबेकानं वहीचं नवं पान उघडलं होतं.

"किती जणांनी झोपायचं?" तिनं विचारलं. "आणि दुसरं झाड कुठलं घ्यायचं? कडुलिंबाचं चालेल?"

दुपारी जेवणं झाल्यावर आण्णासाहेब आणि हन्ना चिंचेखाली आडवे झाले. समोरच्या लिंबाखाली कमलबाई, उशाला हात घेऊन. रिबेका मधोमध बाजेवर वही घेऊन बसली, आणि कुणी बोलायला लागलं की ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करत होती.